आणि ती कोण?

भाचीला फेरीबोट बघायची होती, म्हणून आम्ही पणजीत बेतीच्या धक्क्याकडे चालत निघालो होतो. नुकतीच एक सर पडून गेली होती. मांडवीला तांबूस गढूळ रंग चढला होता, कॅसिनोच्या बोटी दिवसाउजेडी ओक्याबोक्या दिसत होत्या आणि फुटपाथच्या दगडांतून ओली वाफ वर येत होती. जुन्या सचिवालयाच्या कडेला आबे फारियांच्या पुतळ्यापाशी ती थांबली. तो अंगरख्यातला उंच माणूस, त्याचे पसरलेले हात, खाली कलंडलेली बाई. मुलांना तो पुतळा जरा भीतिदायकच वाटतो. ‘मावशी, ह्याने तिला पाडलं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, पाडलं नाही गं, झोपवलं. कांदोळीत जन्मलेला हा आपला माणूस पार पॅरिसला गेला आणि माणसाला झोप लागते ती आपल्या हातातल्या कसल्या शक्तीने नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या मनाने लागते, असं सांगू लागला. त्या काळात हे म्हणणारे फार थोडे होते. तिने शहाण्यासारखी मान हलवली. मग म्हणाली, ‘आणि ती कोण?’ मी म्हटलं, त्यांची पेशंट. ‘तिचं नाव काय?’ तेवढ्यात फेरीबोट धक्क्याला लागली आणि ती पळत सुटली. उत्तराची वाट बघायला लहान मुलांना वेळ नसतो.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. या पुतळ्यातल्या पुरुषाचं नाव सगळ्या गोव्याला माहीत आहे. पुतळा घडवणाऱ्याचंही आहे: रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. कामतांनी ती बाई किती जीव लावून घडवली आहे हे जवळून बघितलं की कळतं. तिच्या देहात पडण्याची भीती नाही, सगळं ओझं कुणाच्या तरी हवाली केल्याचा सैलपणा आहे. कदाचित तिच्यासमोर कुणी एक ठरावीक बाई नव्हतीच, शिल्पकाराच्या मनातली असेल. तरी मी डॉक्टर आहे आणि आयुष्यभर पेशंटचं नाव आधी लिहून मग पुढे गेले आहे. नाव, वय, गाव, मग तक्रार. त्या सवयीला तो प्रश्न टोचला. शिवाय वैद्यकाच्या इतिहासात बाई आली की ती बहुतेक वेळा अशीच येते. आडवी, डोळे मिटलेली, कुणाच्या तरी हाताखाली.

ती उभी कधी होती? ती हात पसरून कधी उभी होती?

हा प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईला पडला आणि तिने त्याच्यामागे आयुष्याची उत्तरार्धातली सगळी वर्षं घातली. केट कँपबेल हर्ड-मीड. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही. मलाही ते आनंदीबाई जोशींच्या कॉलेजाबद्दल वाचता वाचता आडवाटेने भेटलं. १८६७ साली कॅनडात क्वीबेकमधल्या डॅनव्हिलला तिचा जन्म. वडील डॉक्टर. पुढे घर मॅसॅच्युसेट्समध्ये न्यूबरीपोर्टला गेलं. १८८८ साली ती फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियातून डॉक्टर झाली. मग बॉस्टनच्या बायकामुलांच्या इस्पितळात इंटर्नशिप आणि पुढचं शिकण्यासाठी युरोप. १८९० साली ती बाल्टिमोरला मुलींच्या एका शाळेत मेडिकल डायरेक्टर म्हणून आली. शाळेतल्या मुलींनी व्यायाम करावा, त्यांची नियमित तपासणी व्हावी, हे तेव्हा लोकांना नवलाचं वाटायचं. पुढच्याच वर्षी डॉ. अ‍ॅलिस हॉल या मैत्रिणीबरोबर तिने एक दवाखाना काढला. नोकरी करणाऱ्या बायका आणि मुलींसाठी, आणि तो उघडायचा संध्याकाळी.

संध्याकाळी, हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात साडेसातनंतर येणाऱ्या बायका मला दिसायला लागल्या. कुंडईच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून येणाऱ्या, गळ्यात अजून ओळखपत्र, पायांना सूज, डब्याची पिशवी मांडीवर. घरी जाऊन भात टाकायचाय म्हणून घाई करणाऱ्या. ‘डॉक्टर, लवकर सोडा हां’ हे पहिलं वाक्य आणि खरं दुखणं उठून दाराशी गेल्यावर. अंगावरून जास्त जातंय, हे त्या दाराच्या कडीला हात लावून सांगतात. त्या दिवसभर कशा येणार? त्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा. हे कुणीतरी १८९१ साली ओळखलं आणि दवाखान्याची वेळ बदलली, एवढ्याने मला ती बाई जवळची झाली. पुढचं सगळं मी त्या जवळिकीतून वाचलं, हे आधीच सांगून ठेवते.

ज्या वर्षी ती बाल्टिमोरला आली त्याच वर्षी तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वैद्यकाच्या इतिहासाचं एक मंडळ सुरू झालं. ऑस्लर, वेल्च, केली अशी मोठी डॉक्टर मंडळी तिथे जुने ग्रंथ, जुने वैद्य, जुने वाद यांवर बोलायची. केटला इतिहासाची गोडी लागली ती तिथे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ऑस्लर हे नाव कुठूनही चुकत नाही, आम्हालाही बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात त्याच्या नावाच्या गाठींबद्दल तोंडी परीक्षेला हमखास विचारायचे. त्या मंडळात हिपोक्रेटीस, गॅलन, व्हेसॅलियस यांच्यावर चर्चा चाललेली असताना मागे बसलेल्या पंचविशीही न गाठलेल्या या डॉक्टरणीच्या मनात काय आलं असेल ते मला दिसतं. एवढी शतकं बाळंतपणं कोण करत होतं? तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या कोण ठेवत होतं? काढे कोण उकळत होतं? तेव्हा बाल्टिमोरमध्ये आणखी एक गोष्ट चालली होती. हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल पैशांवाचून अडलं होतं. शहरातल्या काही बायकांनी पैसा उभा केला, मेरी गॅरेटने त्यात सर्वांत मोठी भर घातली आणि अट घातली की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. १८९३ साली स्कूल उघडलं ते या अटीसह. म्हणजे बायकांना पुढचं दार कसं उघडतं हे केट डोळ्यांनी बघत होती आणि मागे, अंधारात, किती बंद दारं आहेत ते शोधायची इच्छा तिच्यात त्याच सुमाराला रुजली.

त्याच १८९३ साली तिचं लग्न झालं. नवरा विल्यम मीड कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला वेस्लियन विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक, मध्ययुगीन साहित्यात रमणारा. ती त्या गावात गेली आणि तिथल्याच बायकांची डॉक्टर झाली. गावात काउंटी हॉस्पिटल उभं करणाऱ्यांत ती होती आणि १९०७ पासून १९२५ पर्यंत तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सल्ला देत राहिली. जगभरच्या डॉक्टर बायकांची संघटना १९१९ साली बांधली गेली त्या कामात ती होती. १९२२ ते १९२४ अमेरिकेतल्या डॉक्टर बायकांच्या संघटनेची ती अध्यक्ष होती. या सगळ्यावरून मी भरभर जातेय, कारण माझं लक्ष त्याच्या आतल्या वेळाकडे आहे. रात्री-बेरात्री बाळंतपणाला जाऊन आलेली बाई, कपडे बदलून, दिव्याजवळ बसून सालेर्नोच्या कुणा बाईबद्दल टिपणं काढते. दवाखाना चालवणाऱ्या माणसाला रात्री उरतो तो वेळ कसला असतो हे मला ठाऊक आहे. डोळे चुरचुरतात, फोन वाजेल म्हणून एक कान तिकडे. त्या वेळात तिने तीसेक वर्षं हे जोपासलं.

१९२५ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिने प्रॅक्टिस सोडली. आणि ती लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसली, दोन वर्षं. पुढे युरोप, आशिया, आफ्रिका फिरली, हस्तलिखितं शोधत. माझ्या ओळखीचे डॉक्टर निवृत्त झाले की कुळागराकडे, म्हणजे माड-पोफळीच्या बागेकडे वळतात, देवळाच्या समितीत जातात किंवा नातवंडांसाठी परदेशी जाऊन राहतात. ते सगळं चांगलंच आहे. पण साठीला टेकलेली एक बाई, जिने आयुष्यभर जिवंत माणसं तपासली, ती आता मेलेल्या बायकांची चौकशी करायला निघते. मला हे तिच्या डॉक्टरकीचंच पुढचं काम वाटतं. पेशंट बोलत नसेल तर नातेवाइकांना विचारायचं, नातेवाईक नसतील तर कागद बघायचे, कागद नसतील तर अंगावरच्या खुणा वाचायच्या. तिने तेच केलं.

आता त्रोतुलाची गोष्ट. इटलीतलं सालेर्नो, बारावं शतक, वैद्यकाचं माहेरघर. स्त्रियांच्या आजारांवरचे काही ग्रंथ त्रोतुला या नावाने सगळ्या युरोपात फिरले, चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातही ते नाव येतं. आणि मग १५६६ साली बाझेलला निघालेल्या एका आवृत्तीत संपादकाने ते नाव काढून टाकलं. ग्रंथ लिहिणारा म्हणून तिथे आला एरोस, रोमन राजघराण्यातल्या जूलियाने मुक्त केलेला एक गुलाम. पुरुष. बाईने हे लिहिलं असेल, यापेक्षा दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका मुक्त गुलामाने लिहिलं असेल, हे त्या संपादकाला जास्त पटलं. केटच्या काळात इंग्लंडमधले इतिहासकार चार्ल्स सिंगर हेही त्रोतुला नावाची लेखिका मानायला तयार नव्हते. केटने १९३० साली एक मोठा लेख लिहून त्रोतुलाची बाजू मांडली. नुसती मांडली नाही, भांडली. तिला त्रोतुलाचा नवरा सापडला, मुलगे सापडले, अध्यापकाचं पद सापडलं, असा तो लेख.

पुढे काय झालं ते मला फार सुंदर वाटतं. १९८५ साली इतिहासकार जॉन बेंटन यांनी माद्रिदमधल्या एका हस्तलिखितातला ‘त्रोताच्या पद्धतीने’ चिकित्सा सांगणारा ग्रंथ पुढे आणला. मोनिका ग्रीन यांनी पुढची कित्येक वर्षं हस्तलिखितं पारखली आणि दाखवून दिलं की त्रोतुला हे तीन वेगळ्या ग्रंथांच्या जुळणीचं नाव आहे. त्यांतल्या एकामागे त्रोता नावाची खरीखुरी बाई आहे, सालेर्नोत चिकित्सा करणारी. म्हणजे सिंगरही पूर्ण बरोबर नव्हते आणि केटही नव्हती. नवरा, मुलगे, अध्यापकपद हे सगळं गळून पडलं. पण बाई उरली. त्या ग्रंथात एक छोटी हकीकत आहे. एका मुलीच्या पोटात वायू धरला होता, आतडं फुटलंय असं समजून तिला कापायचं घाटत होतं. त्रोताला बोलावलं गेलं, तज्ज्ञ म्हणून. तिला ते पटलं नाही. तिने मुलीला आपल्याकडे नेलं, औषधी पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, अंग चोळलं, मुळ्याचा रस आणि जवाचं पीठ यांचा लेप लावला, आणि मुलगी बरी झाली. शस्त्र थांबवणारी ती बाई मला केटच्या त्या प्राध्यापक त्रोतुलापेक्षा अधिक खरी वाटते. पण केट भांडली नसती तर पुढच्या कुणाला ती शोधावीशी वाटली असती का, कोण जाणे.

१९३८ साली केटचं मोठं पुस्तक निघालं, वैद्यकातल्या स्त्रियांचा इतिहास, अगदी आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत. आजचे अभ्यासक ते जपून वापरतात. तिने दंतकथाही उचलल्या आहेत. पुरुषवेश घालून बायकांवर उपचार करणारी अथेन्सची अग्नोदिके ही कथेतली बाई, केटने तिलाही इतिहासात बसवलं. टीका योग्यच आहे. मला स्वतःला पुराव्याशिवाय निदान करणारा डॉक्टर आवडत नाही. पण तिचा कल कुणीकडे होता हेही मला समजतं. शंकेचा फायदा नेहमी पुरुषाला मिळत आला होता. नाव संदिग्ध असेल तर तो पुरुष, नाव नसेल तर तोही पुरुष. ही बाई म्हणाली, एकदा तरी तो फायदा बाईला देऊन बघू. थोडी जास्तच उदार झाली, एवढंच. तिला पुढचे खंड लिहायचे होते, एकोणिसावं शतक, विसावं, तिच्या स्वतःच्या मैत्रिणींचा काळ. १ जानेवारी १९४१ रोजी हॅडममधल्या तिच्या घराजवळ गवताला आग लागली आणि त्यात तिचा अंत झाला. पुढचे खंड राहून गेले.

त्या राहून गेलेल्या खंडात आपली आनंदीबाई आली असती.

हे मनात आलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी त्याच कॉलेजातून डॉक्टर झाली, केट दोन वर्षांनी. एकाच जिन्यावरून कधी तरी त्या दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील, असं मला उगाच वाटत राहतं. ऑक्टोबर १८८५ चा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. लुगड्यातली आनंदीबाई, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली. आपण आनंदीबाईला पहिली डॉक्टर म्हणून ओळखतो, तिच्या आजारपणावर आणि नवऱ्याच्या स्वभावावर भरपूर बोलतो. तिने पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाबद्दल कमी बोलतो. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. विशीतली ती मुलगी, थंडीने खंगलेली, घरापासून समुद्रापलीकडे, आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांत बाळंतपणाबद्दल काय लिहिलंय ते अमेरिकन प्राध्यापकांपुढे मांडते. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणारी डॉक्टर बाई म्हटलं की आता मला केटच्या आधी तीच आठवते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यात गेली. परत येऊन प्रॅक्टिस करणं तिच्या नशिबी नव्हतं, पण तिचं हे एक काम पुरं झालेलं आहे.

तिच्या निमित्ताने मी मराठी भाषांतर घेऊन सुश्रुत आणि चरक उघडले, शारीरस्थानातले बाळंतपणाचे अध्याय. कॉलेजात हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सुश्रुत म्हणतो, बाळंतिणीजवळ चार बायका असाव्यात, वयाने पोक्त, बाळंतपणात कुशल, आणि नखं कापलेल्या. चरक म्हणतो, पुष्कळदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, तिच्यावर माया करणाऱ्या बायका असाव्यात. नखं कापलेल्या! हे वाचून माझे डोळे भरून आले, आणि मी सहसा पुस्तक वाचून रडणारी बाई नाही. लिहिणारा पुरुष असेल, पण ही नखं ज्याने पाहिली त्याने त्या बायकांना काम करताना पाहिलंय, त्यांना विचारलंय. ग्रंथ सुश्रुताचा, त्या चौघी कोण?

गोव्यात तर हा प्रश्न फार दूर जाऊन विचारावा लागत नाही. चर्च स्क्वेअरसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. १५३४ साली तो पोर्तुगीज वैद्य इथे आला आणि १५६३ साली इथेच त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, संवादाच्या रूपात. पटकीचं त्याने केलेलं वर्णन आजही वाचावं असं. मेल्यानंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, बहिणीला, कातारीनाला, तर जिवंत जाळलं. त्याच्यावर झालेला अन्याय मोठा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पुस्तकात दोन विद्वानांचं बोलणं चाललेलं असताना मधेच एक हाक येते, अँतोनिया. ती त्याच्या घरातली दासी. अमुक फळ आण, तमुक पाला आण. ती आणते, आणि विद्वान पुढे बोलू लागतात. मला प्रत्येक वेळी वाटतं, थांबा, तिला विचारा. हा पाला कुठे उगवतो, तो कोवळा घ्यायचा की जून, तुझ्या आईने तो कशासाठी वापरला, हे तिला नक्की माहीत असणार. ओर्ताला निदान तिचं नाव लिहावंसं वाटलं, हे मी त्याच्या बाजूने मांडते. आमच्या गावात तेवढंही झालेलं नाही.

आमचं गाव पेडण्यातलं. तिथे एक वयजीण, म्हणजे सुईण, होती. ठेंगणी, काळसर, गुडघ्याखाली कासोटा घट्ट मारलेला, कमरेला चंची. ती आली की पान-तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा एकत्र वास यायचा. धाकटी चुलतबहीण झाली तेव्हा मी दाराआडून बघितलं आहे. न्हाणीत भाणात पाणी उकळतंय, त्यात निरगुडीचा पाला, वाफेने भिंती ओल्या झालेल्या. ती पाय लांब पसरून पाटावर बसलेली आणि बाळ तिच्या पायांवर. तेलाचा हात कपाळापासून टाचेपर्यंत एकाच दमात फिरायचा. बाळंतपणाआधी ती काकूच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवायची आणि स्वतः मात्र बाहेर माडांकडे बघत राहायची. मला ते विचित्र वाटायचं. पुढे इंटर्नशिपमध्ये लेबर रूममध्ये आमच्या मॅडमनी सांगितलं, पोट तपासताना डोळे मिटा, हातांना बघू द्या. तेव्हा मला ती माडांकडे लागलेली नजर आठवली. तिची नखं नेहमी बारीक कापलेली असत, विळीवर ती स्वतः कापायची. सटीच्या रात्रीनंतर तिला खण, नारळ, तांदूळ मिळायचे आणि ती मागच्या दाराने जायची.

मी त्या काळासाठी गहिवरत नाही. नाळ कशाने कापली यावर पोराचं जगणं ठरायचं. गावातल्या एका बाईचं रक्त थांबलं नाही आणि ती गेली, हे घरात कुजबुजीने बोललेलं मी ऐकलंय. त्या रात्री वयजीण आमच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती, कुणाशी बोलली नाही, आजीने दिलेला चहा तसाच निवला. तिला आणखी काय करता आलं असतं? गाडी नव्हती, रक्त नव्हतं, तार, म्हणजे नदी ओलांडायची होडी, खाली पाण्याच्या पल्याड. आज आपल्याकडची बाळंतपणं जवळजवळ सगळी इस्पितळात होतात, अडलं तर बांबोळीला नेता येतं, याचा मला अभिमानच आहे, त्यात माझाही वाटा आहे. पण अभिमान वाटतो म्हणून आधीच्या हातांना विसरून जावं असं काही नाही. ती होती म्हणून माझे वडील आहेत, माझे काका आहेत, अर्धा वाडा आहे.

त्या पुतळ्याच्या प्रश्नानंतर आईला फोन केला. म्हटलं, वयजिणीचं नाव काय होतं? आई म्हणाली, ‘वयजीणच म्हणत होतो गं.’ मग जरा थांबून, ‘तुझी आजी तिला बाय म्हणायची.’ जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव, आईचं नाव, गाव, तारीख. ज्या हातात आपण पहिल्यांदा पडलो त्या हातांसाठी रकाना नाही. आईने वरच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आत्येला विचारलं, तिने आणखी कुणाला. पंधरवडाभर ही चौकशी चालली, गावात फोनाफोनी, कुणी म्हणे हे, कुणी म्हणे ते. लग्नानंतर सासरचं वेगळं नाव ठेवलेलं, माहेरचं वेगळं. शेवटी दोन्ही नावं मिळाली. तिचा एक नातू आज वाळपईला असतो, त्याच्याकडून. त्याला आजीचं काम माहीत होतं, पण ते कुणी विचारायला येईल असं त्याला वाटलं नव्हतं. नाव इथे लिहीत नाही. ते आधी त्याच्या घरच्यांना विचारून, त्यांना हवं तसं लिहायचं आहे.

तेव्हापासून दवाखान्यात एक प्रश्न वाढवला आहे. सत्तरीच्या पुढची बाई आली, रक्तदाब बघून झाला, गोळ्या समजावून झाल्या, की विचारते, तुमच्या वेळी कोण होती? आधी त्या दचकतात. मग खुर्चीत जरा मागे टेकून बसतात. एकीने सांगितलं ती सावर्ड्याकडची होती आणि बाळंतिणीला हसवायची. दुसरी म्हणाली, ती ख्रिश्चन होती, आमच्या देवाला हात जोडून मग कामाला बसायची. कुणाला नाव आठवतं, कुणाला फक्त आवाज. काही नावं बहुधा चुकीची असतील, दोन बायका एक झाल्या असतील, एकीची कीर्ती दुसरीला लागली असेल. मी ते तसंच लिहून घेते, कुणी सांगितलं तेही लिहिते, शंका असेल तिथे शंका लिहिते. वहीचे पहिले कागद भरत आले आहेत. बाहेर बसलेले पेशंट कुरकुरतात, तेवढं त्यांनी सोसायला हवं. भाचीचं अक्षर सुवाच्य आहे, मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी येणार आहे. आत्येला आणि तिच्या बरोबरीच्या तिघीचौघींना आम्ही दोघी मिळून भेटायचं ठरवलं आहे, त्या सगळ्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, म्हणून पाऊस लागायच्या आतच.